जिम्माला येण्यापूर्वी: अम्हारिक की ओरोमो?

आपण इथिओपियातील जिम्मा शहरात अध्यापनासाठी रुजू होणार आहात आणि हाती असलेल्या तीन महिन्यांत अम्हारिक शिकावी की ओरोमो, असे विचारले आहे. विद्यापीठात इंग्रजी चालते आणि शहरात अम्हारिकवरही निभते. तरीही, येथे नऊ वर्षे काढल्यावर, मी ओरोमोच सुचवेन.

ओरोमो ही सोमाली व अफार यांच्याप्रमाणे कुशिटिक कुळातली भाषा आहे. इथिओपियाच्या लोकसंख्येत तिचे भाषक एक तृतीयांशाच्या आसपास असून उत्तर केनियातही ती बोलली जाते. सम्राट हाइले सेलासी यांच्या काळात शाळा-कचेऱ्यांतून दूर ठेवलेल्या या भाषेने 1991 मध्ये ‘कुबे’ ही रोमन लिपी स्वीकारली. पाट्या त्यामुळे लगेच वाचता येतात, पण इंग्रजीच्या सवयीने वाचल्यास चुकतात.

‘एक्स’ म्हणजे क्ष नव्हे, तर कंठ क्षणभर बंद करून फटकन सोडलेला त. ‘क्यू’ तसाच क, आणि नुसता ‘सी’ तसाच च. आपली जीभ अशा वेळी थ, ख, छ यांकडे वळते आणि तिथेच फसते, कारण त्यांत श्वास बाहेर लोटावा लागतो, तर येथे तो अडवायचा असतो. ‘डीएच’ पाहून ध म्हणू नये. तो आत ओढलेला ड आहे. उल्हासनगरच्या एखाद्या सिंधी वृद्धाकडून त्यांचा तसा ड ऐकून घेतलात, तर निम्मे काम होईल.

द्वित्त आपल्याला सोपे जावे, कारण कला आणि कल्ला यांतला फरक आपण सहज करतो. तरीही पहिल्याच महिन्यात ‘बद्दा’, म्हणजे उंचावरचा थंड प्रदेश, मला आवडतो असे सांगताना मी ‘बदा’ म्हणालो, आणि वाईट ते मला आवडते असे ऐकून घरमालक बराच वेळ हसत होते. खरी अडचण स्वरांची आहे. पाच स्वर, प्रत्येक ऱ्हस्व आणि दीर्घ; आपण दिन आणि दीन लिहितो वेगळे, पण बोलतो बहुधा सारखेच, आणि येथे तेवढ्याने शब्द बदलतो.

आदरार्थी बहुवचन मात्र ओळखीचे वाटेल: तू म्हणजे ‘अति’, तुम्ही म्हणजे ‘इसिन’. त्यामुळे घरमालकांचे आभार ‘गलतोमि’ असे नव्हे, ‘गलतोमा’ असे मानावेत.