पहिली बिस्किटं दगड झाली?

होऊ द्या, माझीही झाली होती. मुळात हे बिस्किट म्हणजे आपलं चहात बुडवायचं नव्हे. अमेरिकेच्या दक्षिणेकडचा, पदर सुटणारा मऊ पाव. जॉर्जियात शेजारच्या आजींनी माझी कणीक बघून कपाळावर हात मारला होता. पोळीसारखं मळलंत की संपलं! तिकडचा मऊ गव्हाचा मैदा कमी प्रथिनांचा, म्हणून बिस्किटं हलकी होतात. त्यात हात जितका कमी लागेल तितकं बरं.

२ कप सेल्फ-रायझिंग मैद्यात (म्हणजे बेकिंग पावडर आणि मीठ आधीच मिसळलेल्या) ६० ग्रॅम फ्रीजमधलं थंडगार लोणी बोटांनी चुरा, वाटाण्याएवढे तुकडे राहू देत. मग पाऊण कप बटरमिल्क. आपलं पातळ ताक इथे चालत नाही. दही थोड्या पाण्यात घुसळून दाट ठेवा. गोळा थापायचा, तीन-चार घड्या घालायच्या. कापताना साचा फिरवू नका, सरळ खाली दाबा. फिरवला की कडा चिकटतात आणि बिस्किट फुगत नाही. एकमेकांना खेटून ठेवा, ओव्हनमध्ये २३० अंश सेल्सिअसवर पंधराएक मिनिटं.

कॉर्नब्रेड, म्हणजे तिकडचा मक्याचा पाव, त्यामानाने सोपा. फक्त भारतातलं कॉर्नफ्लोअर घेऊ नका, तो निव्वळ स्टार्च. रवाळ मक्याचं पीठ हवं. बिडाचा तवा ओव्हनमध्येच तापवा, भिजवलेलं पीठ त्यात ओतताना चर्र आवाज आला पाहिजे. साखर घालायची की नाही यावरून तिकडे घराघरांत वाद आहेत. मी घालत नाही. आजींच्या धाकाने म्हणा हवं तर.