दीड वर्षाच्या लेकीला घेऊन पुण्याहून तीन दिवस समुद्रावर जायचं आहे. गणपतीपुळे, तारकर्ली की दिवेआगर?

दिवेआगर. तुमची मुलगी नुकती चालायला लागली आहे, दुपारी दोन तास झोपते आणि गाडीत लांबचा प्रवास तिने अजून केलेला नाही, असं तुम्ही लिहिलं आहे. त्यावरूनच सांगते.

आमचा मुलगा १७ महिन्यांचा असताना आम्ही आधी चूक केली. पुण्याहून तारकर्लीला गाडीने गेलो. पावणेचारशे-चारशे किलोमीटरचा पल्ला. घाट उतरताना त्याला दोनदा उलटी झाली आणि पोचलो तेव्हा अंधार पडला होता. उतरलो त्या ठिकाणी खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा नावापुरता, आणि रात्रीचं जेवण नऊच्या आधी मिळत नव्हतं. साडेसातला पेंगणाऱ्या पोराला आम्ही बिस्किटांवर झोपवलं. समुद्र अतिशय सुंदर होता, पण तीन दिवसांत त्याच्या वाट्याला तो जेमतेम चार तास आला. तारकर्लीचा यात काही दोष नाही. मूल पाच-सहा वर्षांचं झालं की जरूर जा, सिंधुदुर्ग किल्ला होडीतून दाखवा.

परत आल्यावर लक्षात आलं की एवढ्या लहान मुलाचा समुद्र दिवसातून दोनच वेळा असतो. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते साडेसहा. मधला सगळा दिवस घरात, अंगणात, सावलीत जातो. म्हणून किनाऱ्याच्या फोटोंआधी तो मधला दिवस कुठे जाईल ते बघावं, आणि त्या दोन वेळांना समुद्र कुठे असेल तेही.

म्हणून पुढच्या वेळी आम्ही दिवेआगरला गेलो. ते मधल्या दिवसासाठी चांगलं आहे. गाव नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये वसलेलं आहे, बहुतेक मुक्काम घरगुती आणि बैठ्या घरांत आहेत. खोलीतून बाहेर पाऊल टाकलं की अंगण, पुढे वाडी, आणि वाडीपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर सुरूचं बन आणि समुद्र. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि पुष्कळ झाडं आडवी झाली. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी वाडीतली रिकामी जागा दाखवली, नवी रोपं दाखवली. पोफळ उभी राहून फळायला वर्षं लागतात. त्यामुळे सगळ्याच वाड्यांत सारखी सावली मिळणार नाही. फोनवर हे थेट विचारा, लोक सरळ सांगतात.

जेवणाचं तर बोलायलाच नको. सकाळी खोली घेतानाच काकूंना सांगितलं की बाळाला साडेबाराला आणि साडेसहाला लागेल. मऊ भात, साधं वरण, वर तूप आणि मेतकूट. दोन्ही वेळा गरम मिळालं, आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत. घावन त्याने नुसतंच चावून चावून खाल्लं. आमच्यासाठी उकडीचे मोदक होते.

आता समुद्राचं. दिवेआगरचा किनारा लांबलचक आणि सपाट आहे. उतार अगदी हळू, वाळू करडी आणि ओली असताना घट्ट, त्यामुळे डुगडुगणाऱ्या पायांना ती रुतत नाही. गणपतीपुळ्याला स्वयंभू गणपतीचं दर्शन अवश्य घ्या, पण तिथला समुद्र दगाबाज आहे. किनारा चटकन खोल होतो, परतणारं पाणी पायाखालची वाळू ओढून नेतं आणि तिथे माणसं बुडाल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी येतात. काशीदचंही तेच. पांढरी वाळू बघून मोह होतो, पण लाट किनाऱ्यापाशीच जोरात फुटते. मूल कडेवर असताना असा एक तडाखा बसला तर तोल जायला पुरेसा आहे. दिवेआगरलाही पोटरीच्या वर पाणी येईल इतकं आत जाऊ नकाच, आणि मुलीचा हात क्षणभरही सोडू नका.

तारीख ठरवताना भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी बघा. हे मला त्या काकूंनीच शिकवलं. कोकणातला जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहल आखायला एवढं पुरतं. म्हणजे अष्टमी-नवमीला गेलात तर तुमच्या दोन्ही वेळांना पाणी वर आलेलं असेल आणि खेळायला अरुंद पट्टी उरेल. त्याऐवजी पौर्णिमेनंतरची किंवा अमावास्येनंतरची प्रतिपदा ते तृतीया धरा. तेव्हा भरती दुपारी पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान येते, तुमची मुलगी झोपलेली असते. सकाळी सात-आठला पूर्ण ओहोटी असते आणि संध्याकाळी पाचनंतर पाणी उतरत असतं. ते दिवस उधाणाचे असल्यामुळे ओहोटीही मोठी असते, पाणी खूप दूर जातं आणि मागे हातभर रुंदीची, घोट्याइतक्या पाण्याची डबकी राहतात. उन्हाने ती कोमट होतात. आमचा मुलगा लाटेला घाबरला, पण एका डबक्यात तासभर बसला. बाजूला बारक्या खेकड्यांनी बिळांभोवती वाळूच्या गोळ्यांची नक्षी काढलेली असते. ती बघायला तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या दाराकडे बोट दाखवत होता.

मात्र उतरत्या पाण्यात मोठ्यांनी पोहायला जाऊ नये. ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं.

शनिवार-रविवार टाळता आला तर फार बरं. सुट्टीला किनाऱ्यावर घोडागाड्या आणि चारचाकी वाळूच्या मोटरसायकली धावतात, आणि दोन फुटांचं मूल त्यांना दिसत नाही. तेवढेच दिवस मिळाले तर मुख्य प्रवेशापासून दहा मिनिटं कडेने चालत जा. किनारा इतका लांब आहे की माणसं लगेच विरळ होतात.

रस्ता मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, दिवेआगर. अंतर साधारण एकशेसाठ-सत्तर किलोमीटर, मुलासकट थांबत थांबत पाच-साडेपाच तास धरा. आम्ही पहाटे साडेपाचला, तो झोपेत असतानाच निघालो आणि मुळशीच्या पाण्यापाशी थांबून त्याला खायला घातलं. थोडंच, दूध नाही. नंतर अर्धा तास मोकळा फिरवला आणि मग घाटाला लागलो. या वेळी उलटी झाली नाही. पावसाळ्यात हा घाट आणि समुद्र दोन्ही लहान मुलासाठी नकोत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात चांगले, नाताळचा आठवडा सोडून.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते पुढचं आहे, कारण किनाऱ्यावर आपण सावध असतो आणि वाडीत निर्धास्त होतो. वाडीच्या घरांना विहीर असते, झाडांना शिंपायला हौद असतो, आणि हौदाची भिंत कधीकधी गुडघ्याएवढीच असते. खोली ठरवण्याआधी विचारा की विहिरीला कठडा आणि झाकण आहे का, हौद कुठे आहे. दुसरं, पोफळीखाली सुपाऱ्या पडलेल्या असतात. श्रीवर्धनच्या बाजूची रोठा सुपारी नावाजलेली आहे, पण ती बरोब्बर बाळाच्या घशात अडकेल एवढी असते. आमच्या पोराने पहिल्या पाच मिनिटांत एक तोंडात घातली होती. मी बोट घालून काढली, आणि नंतर तीन दिवस माझी नजर जमिनीवरच होती. तिसरं, विंचू. कोकणातला लाल विंचू लहान मुलाला फार घातक ठरू शकतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून असंख्य जीव वाचवले, त्यामुळे त्यावर उपचार आहे, पण वेळ घालवायचा नसतो. बुटं झटकून घाला, अंथरूण झटका, अंधारात अनवाणी सोडू नका, आणि काही चावल्याची शंका आली तरी घरगुती उपाय न करता थेट श्रीवर्धनचं किंवा माणगावचं सरकारी रुग्णालय गाठा. तुमच्या मुक्कामापासून कुठलं जवळ आणि किती वेळ लागतो ते पोचल्याच दिवशी यजमानांना विचारून ठेवा.

बरोबर काय न्यायचं हे तुम्हाला माहीत असेलच, दोनच गोष्टी जास्तीच्या. नेहमीचा डायपर समुद्राच्या पाण्यात फुगतो आणि आत वाळू अडकून मांड्या सोलवटतात. वाळूत नुसती सुती चड्डी घाला, खोलीवर आल्यावर गोड्या पाण्याने धुवून, कोरडं करून मग खोबरेल लावा. आणि मच्छरदाणी घरून न्या. वाडी म्हटली की डास आलेच.

तुमच्याऐवजी कोणी मुंबईहून जाणारं हे वाचत असेल तर त्यांनी ताम्हिणीच्या वाटेला जायचं कारणच नाही. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीने तासाभरात मांडव्याला उतरता येतं, आणि तिथून अलिबागच्या पुढचं अक्षी मला नागावपेक्षा जास्त आवडतं. तिथे गर्दी कमी असते, सुरूची सावली आहे आणि किनारा सपाट आहे. शके ९३४ चा, म्हणजे इ.स. १०१२ चा मराठी शिलालेखही त्याच गावातला.

दिवेआगरला सुवर्णगणेशाचं आणि रूपनारायणाचं देऊळ आहे. दोन्ही संध्याकाळी किनाऱ्यावर जाताना पंधरा मिनिटांत होतात. हरिहरेश्वर, श्रीवर्धन याच फेरीत करायचा मोह होईल. आरावी-शेखाडीवरून समुद्राला लागून जाणारा रस्ता सुंदर आहेच, पण तो शेवटच्या दिवशी, तिच्या दुपारच्या झोपेच्या वेळेला ठेवा. ती मागे झोपेल आणि तुम्हा दोघांना खिडकीतून शांतपणे समुद्र बघता येईल.