प्लॅस्टरखालीच जाणार, मग विटांचा बाँड कशाला बघायचा?

तुम्ही विचारलंय की मांजलपूरला एकमजली घर बांधताय, कॉलम नाहीत, स्लॅबचा भार ९ इंची भिंतींवरच येणार, आणि कॉन्ट्रॅक्टर म्हणतो विटा कशाही लावल्या तरी वरून प्लॅस्टरच होणार, पण तुमचे मेव्हणे म्हणतात इंग्लिश बाँडच (बाँड म्हणजे विटा एकमेकींत गुंतवून लावायची पद्धत) करून घ्या. मेव्हण्यांचं ऐका. मी बडोद्यातच तीसेक वर्षं साइटवर चणतर, म्हणजे विटांचं बांधकाम, बघत आलोय, आणि प्लॅस्टरखाली जाणार म्हणूनच आधी बघून घ्यायचं असतं, नंतर काही दिसत नाही.

कारेलीबागेत एका जुन्या घराची खिडकी मोठी करायची होती. प्लॅस्टर उतरवलं, कडियाने (इथे गवंड्याला कडिया म्हणतात) दोनचार विटा काढल्या, तर भिंतीच्या मधोमध उभी फट आणि माझी स्टीलची पट्टी त्यात सरळ खाली गेली. म्हणजे ९ इंची भिंत नव्हतीच ती, साडेचार-साडेचार इंचांच्या दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, सगळे थर लांबीतल्या विटांचे, भिंतीच्या आरपार घातलेली वीट शोधूनही सापडेना. ज्याने बांधली त्याला काम पटापट उरकायचं असणार, कारण दोरी लावून लांब विटा मांडत गेलं की थर भराभर चढतात. मालकीणबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या, त्यांना काय सांगावं तेच सुचेना.

बाँडचं मुख्य काम हेच, विटांनी एकमेकींना धरून ठेवायचं. इंग्लिश बाँडमध्ये एक थर स्ट्रेचरचा, म्हणजे वीट भिंतीच्या लांबीत, आणि त्याच्यावरचा हेडरचा, म्हणजे वीट भिंतीच्या आरपार, बाहेरून नुसतं तिचं तोंड दिसतं. ती आरपार वीटच आतली आणि बाहेरची बाजू बांधून ठेवते. आणि दुसरं, खालच्या थराचा उभा सांधा वरच्या थराच्या सांध्याखाली येता कामा नये, जुने गवंडी त्याला सांधेमोड म्हणायचे. सांधे एकावर एक आले की वरचा भार बाजूला पसरत नाही, आणि जमीन जरा बसली (आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, हे तुम्हाला माहीत असेलच) की त्या सरळ रेषेत तडा जायला आयती वाट मिळते.

आता कोपरा बघा, खरी गोम तिथेच आहे. माल (सांध्यातला सिमेंट-वाळूचा मसाला) धरून वीट ९ इंच लांब आणि साडेचार इंच रुंद. कोपऱ्यापासून हेडर मांडत गेलात तर सांधे येतात साडेचारवर, ९ वर, साडेतेरावर, आणि खालच्या स्ट्रेचरचा सांधा पण ९ वरच, झाले एकावर एक. म्हणून कोपऱ्यातल्या पहिल्या हेडरनंतर सव्वादोन इंचाची चीर घालतात, वीट लांबीत उभी कापलेली, तिला क्वीन क्लोजर म्हणतात. मग पुढचे सगळे सांधे सव्वादोन इंच सरकतात आणि खालच्या सांध्यांना चुकवतात. वीट लांबीत कापायला वेळ जातो, अर्ध्यात मोडते पण, म्हणून बरेच कडिया तिथे हातात येईल तो तुकडा आणि उरलेल्या जागेत माल भरतात. तुम्ही स्वतः तिथे उभे राहा.

फ्लेमिश बाँडमध्ये एकाच थरात एक हेडर एक स्ट्रेचर असं आलटून पालटून येतं, दिसायला फार सुंदर, पण हात बसलेला कारागीर लागतो आणि ताकदीत इंग्लिश बाँडच वरचढ धरतात. प्लॅस्टर करणारच असाल तर फ्लेमिशचा खर्च कशाला. विटा उघड्या ठेवायच्या असत्या तर मीच म्हटलं असतं, इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीची इमारत एकदा जवळ जाऊन बघून या, तिथल्या विटा बघताना मी अजूनही थांबतो. आतल्या साडेचार इंची पार्टिशनला मात्र नुसता स्ट्रेचर बाँडच असतो, तिथे कॉन्ट्रॅक्टरशी भांडू नका. रॅट ट्रॅप बाँड पण आहे, केरळात वास्तुकार लॉरी बेकरनी खूप वापरला, विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवतात, साधारण पाव विटा वाचतात आणि आपल्या उन्हाळ्यात घर थंड राहतं, पण ज्या कडियाने तो कधी केलेला नाही त्याच्याकडून पहिल्यांदा तुमच्या घरावर नको.

अजून एक, काम थांबवताना भिंतीचं टोक पायऱ्या-पायऱ्यांनी सोडायला लावा, सरळ उभं नाही. विटा आधी पाण्यात बुडवा, बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, लावताना विटेवरचा खळगा वरच्या बाजूला ठेवा, दिवसात पाच फुटांच्या वर भिंत चढवू देऊ नका आणि निदान सात दिवस पाणी मारा. कोपऱ्याचे पहिले चार थर झाले की फोटो इथे टाका, क्लोजर बसलाय की नाही ते बघून सांगतो.