दहा वर्षांच्या मुलीला तंत्रज्ञानाची गोडी कशी लावावी?

करिअरचं सध्या राहू द्या, आधी तिला काहीतरी बनवू द्या. स्क्रॅच ही सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम बनवायची, मुलांसाठीची संगणक भाषा मोफत आहे. त्यातलं मांजर स्क्रीनच्या कडेला धडकलं की आवाज यावा, एवढंच करायला सांगा. ठोकळे जोडताना ती चुकेल, अडेल. तेव्हा कृपा करून माउस तिच्या हातातून काढून घेऊ नका! मोठी माणसं नेमकी इथेच घाई करतात आणि ‘आपल्याला हे जमत नाही’ असं मुलीच्या मनात बसतं. चुका शोधणं हे प्रोग्रामरचं रोजचंच काम आहे, हे तिला कळू द्या. एनिअ‍ॅक या १९४५ च्या संगणकाच्या पहिल्या प्रोग्रामर सहा महिला होत्या, हेही जरूर सांगा. क्लास लावलात तर सोबत एखादी मैत्रीण असू द्या. एकटी पडली तर कंटाळून सोडून देईल.