पहाटेचं स्वप्न खरं होतं का?

प्रश्न: ताई, वडील जाऊन वर्ष झालं, पावरलूमवर होते. हल्ली रोज पहाटे स्वप्नात येतात, चादरीची घडी घालत बसलेले, बोलत काहीच नाहीत. शेजारच्या काकू म्हणतात पहाटेचं स्वप्न खरं होतं, भीतीच वाटायला लागलीय. – एक वाचक, सोलापूर

उत्तर: अगं, घाबरू नकोस. झोपेत साधारण दर ९० मिनिटांनी पापणीआड डोळे भराभर हलायला लागतात, १९५३ साली शिकागोच्या संशोधकांनी हे मांडलं, आणि ठसठशीत स्वप्नं बहुतेक तेव्हाच पडतात. पहाटेकडे हा टप्पा लांबत जातो, त्यातूनच जाग आली की स्वप्न लक्षात राहतं, रात्रीची बाकीची विसरतो आपण. काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. आणि वडील गप्प का म्हणशील तर, घरी तरी ते फार बोलायचे का गं?