‘लाइक’ दिसलं म्हणजे सिमिली नव्हे

प्रश्न : मी दहावीत, मराठी माध्यमात शिकते. मराठीतले अलंकार चटकन ओळखता येतात, पण इंग्रजी कवितेत सिमिली, मेटाफर आणि ॲलिटरेशन चुकतात. उताऱ्यालाही वेळ पुरत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी, जुळे सोलापूर

उत्तर : मराठीतले अलंकार येतात, म्हणजे निम्मं काम झालंच आहे. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन. घोटाळा होतो तो खुणेच्या शब्दांवर विसंबल्यामुळे.

‘आय लाइक शेंगा चटणी’ यात ‘लाइक’ आहे, पण ते आवडण्याचं क्रियापद. ‘शी लुक्स लाइक हर सिस्टर’ यात तुलना आहे, पण माणसाची माणसाशीच. तोही अलंकार नाही. सिमिलीला दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी लागतात आणि त्यांना जोडणारा एक गुण. मे महिन्यात आपल्याकडचा डांबरी रस्ता आठव : ‘द रोड इज लाइक अ तवा’. रस्ता वेगळा, तवा वेगळा, चटका तोच. ही सिमिली. यातलं ‘लाइक’ काढलं, ‘द रोड इज अ तवा’ म्हटलं, की मेटाफर. कारण विचारलं असेल तर नुसतं नाव लिहून थांबू नकोस. कशाची, कशाशी आणि कोणत्या गुणामुळे तुलना केली, हे तिन्ही लिही. आणि हो, मराठीत ‘जणू’ आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत तिला वेगळं नाव शोधू नकोस. ‘ॲज इफ’ने केलेली अशी तुलना सिमिलीतच धरतात.

ॲलिटरेशन म्हणजे साधारण आपला अनुप्रास, पण ते डोळ्यांनी नाही, कानांनी ओळखायचं. अनुप्रासात अक्षर शब्दात कुठेही आलं तरी चालतं. इथे मुख्यतः शब्दाच्या सुरुवातीचा उच्चार बघतात. ‘फोन’ पी-एचने लिहितात, ‘फिश’ एफने, तरी जुळतात. ‘सिटी’ आणि ‘कॅट’ दोन्ही सीने सुरू होतात, पण जुळत नाहीत. घरी ओळ मोठ्याने वाच, परीक्षेत ओठांतल्या ओठांत.

उताऱ्यात आधी प्रश्न वाच, मग उतारा एकदा सलग. प्रश्नातला शब्द तसाच सापडेल असं धरू नकोस. प्रश्नात ‘डिसाइड’ असेल, तर उताऱ्यात ‘डिसिजन’ असू शकतं. सापडलेल्या वाक्यात ‘ही’ किंवा ‘इट’ असं इंग्रजी सर्वनाम असेल, तर ते कोणाबद्दल आहे हे मागच्या वाक्यात बघ आणि उत्तरात ते नाव घाल. ‘व्हाय डिड राम गो?’ याच्या उत्तरात ‘डिड’ जातं आणि ‘गो’चं ‘वेंट’ होतं : ‘राम वेंट बिकॉज...’. ‘राम डिड वेंट’ लिहिलंस, तर बरोबर जागा सापडूनही वाक्य चुकतं.