दारू एकदम सोडली आणि तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसल्या

प्रश्न : माझे पती बारा वर्षांपासून रोज दीड-दोन क्वार्टर पितात. गेल्या महिन्यात त्यांनी स्वतःहून दारू बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरू लागले, दरदरून घाम सुटला. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून ओरडू लागले. शेवटी सासऱ्यांनीच थोडी पाजली, तेव्हा शांत झाले. हे नाटक होतं का? नात्यातल्या एकांनी आमटीत मिसळून द्यायची गोळी सुचवली आहे. देऊ का?
– एक भगिनी, सांगली जिल्हा

उत्तर : नाटक मुळीच नव्हतं. मेंदूच्या पेशींना आवर घालणारं मुख्य रसायन म्हणजे गाबा आणि चेतवणारं ग्लुटामेट. दारू गाबाचा जोर वाढवते, ग्लुटामेटचा दाबते. म्हणून प्यालेल्याची जीभ जड होते, पाय अडखळतात. हे रोज घडू लागलं की मेंदू उलट्या बाजूने जोर लावून तोल राखतो. गाबाला प्रतिसाद देणारे ग्राही, म्हणजे पेशींवरचे रसायनाचा संदेश पकडणारे भाग, मंदावतात, ग्लुटामेटचे वाढतात. चढावर भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलांचा भार एकाएकी सुटला तर ते उधळतील, तसं दारू थांबल्यावर मेंदूचं होतं. पुन्हा पाजल्यावर ते शांत झाले ते यामुळेच.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. आकडी येण्याचा धोका 12 ते 48 तासांत सर्वांत जास्त. 48 ते 96 तासांत भास, ताप, दिवस-रात्रीचं भान जाणं. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. तुमच्या पतींची ती तिसरी रात्र रुग्णालयात जायला हवी होती.

पुढच्या वेळी दारू रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. तिथे क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम देतात, यकृत बिघडलं असेल तर लोराझेपाम. ही औषधंही गाबाचाच जोर वाढवतात. फरक असा, की मात्रा मोजून देता येते आणि पाच-सात दिवसांत उतरवता येते. याच गोळ्या कुणी घरी दारूबरोबर घेतल्या तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

एक चूक फार होते. अशक्तपणा आला म्हणून जवळच्या दवाखान्यात ग्लुकोजची बाटली लावतात आणि घरचे लाजेपोटी दारूचं नावच काढत नाहीत. ग्लुकोज वापरायला शरीराला थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व लागतं आणि रोज पिणाऱ्यात ते आधीच संपत आलेलं असतं. उरलंसुरलंही खर्ची पडलं की नजर फिरते, चाल डगमगते, आणि नवं लक्षात ठेवण्याची शक्ती कायमची जाऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन आधी, ग्लुकोज नंतर. शेवटचं कधी प्यायले, रोज किती, पूर्वी आकडी आली होती का, एवढं डॉक्टरांना आल्याआल्या सांगा.

आमटीतली गोळी बहुधा डायसल्फिरामची. ती दारूचं विघटन अर्ध्यात अडवते, अ‍ॅसिटाल्डिहाइड हे विषारी रसायन साठतं. चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. ज्याला गोळीचा पत्ताच नाही तो नेहमीसारखा पिणार. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. खोकल्याच्या काही औषधांतला, आसव-अरिष्टांतला अल्कोहोलही त्रास देतो. हे औषध रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून, शेवटच्या दारूनंतर किमान बारा तासांनीच सुरू करतात. गुपचूप देणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे. व्यसनमुक्तीसाठी 14446 या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

प्रश्न : आई चाळीस वर्षं मिश्री लावते. ‘ही तंबाखू नव्हे, दातांची पूड’ म्हणते. बंद केली की डोकं दुखतं, पोट साफ होत नाही.
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूच. भाजल्यावरही निकोटिन उरतं, हिरड्यांतून रक्तात आणि तिथून मेंदूत जातं. तिथे ते अ‍ॅसिटिलकोलिन या संदेशवाहक रसायनाचे ग्राही चेतवतं, त्यातून डोपामिन हे सुखाची जाणीव देणारं रसायन सुटतं आणि बरं वाटतं. तसेच ग्राही आतड्याच्या मज्जातंतूंतही असतात, म्हणून मिश्री थांबली की पोट अडतं. पहिले तीन-चार दिवस कठीण, दोन ते चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तोवर पाणी, पालेभाजी, फळं वाढवा.

निकोटिनचं च्युइंगम मदत करतं, पण हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. उठल्यापासून अर्ध्या तासात मिश्री लागत असेल तर 4 मिलिग्रॅम, एरवी 2. सतत चघळू नये. चुरचुर जाणवेपर्यंत हळू चावायचं, मग गालात दाबून ठेवायचं, चव गेली की पुन्हा. असं अर्धा तास. लाळेबरोबर गिळलं तर उचक्या लागतात, छातीत जळजळतं. चहा-कॉफीने तोंड आम्लयुक्त होऊन निकोटिन नीट शोषलं जात नाही, म्हणून आधी पंधरा मिनिटं काही पिऊ नये. कवळी असेल तर त्वचेवर चिकटवायची निकोटिनची पट्टी सोयीची. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर लगेच दंतवैद्यांना दाखवा.